‘हिआ’ : एका थाई प्राणिनामाची ग्राम्यता आणि नामशुद्धीच्या मर्यादा

थायलंडच्या आखाताला लागून असलेल्या समुत प्राकान प्रांतात, बांग बो तालुक्यात, ख्लोंग दान नावाचे गाव आहे. तेथील बौद्ध विहाराचे अधिकृत नाव ‘वात मोंगखोन खोथावात’ असे आहे. थाई उच्चारांमुळे हे नाव प्रथमदर्शनी परके वाटते. परंतु त्याचे लेखन पाहिले की त्यातले तीन शब्द भारतीय वाचकाला सहज ओळखता येतात : मंगल, गोधा आणि आवास. गोधा म्हणजे घोरपड. अर्थात, विहाराच्या नावाचा अर्थ ‘घोरपडीचे मंगल निवासस्थान’ असा होतो. बुद्धाच्या उपासनेसाठी उभ्या राहिलेल्या वास्तूला घोरपडीचे नाव का मिळावे, याचे उत्तर गावाच्या जुन्या नावात सापडते. हे गाव पूर्वी ‘बांग हिआ’ म्हणून ओळखले जात असे. ‘बांग’ म्हणजे पाण्याकाठची वस्ती आणि ‘हिआ’ म्हणजे पाणथळ जागी राहणारी मोठी घोरपड. आजच्या थाई भाषेत मात्र ‘हिआ’ हा शब्द सभ्य माणसाला चारचौघांत उच्चारता येत नाही, कारण ती त्या भाषेतली अत्यंत जहाल शिवी आहे. गावाने आपले नावच बदलले. विहाराने प्राणी कायम ठेवला आणि केवळ शब्द बदलला : देशी ‘हिआ’ गेला, पाली-संस्कृत ‘गोधा’ आला आणि त्याच्या आधी ‘मंगल’ही येऊन बसले.

प्राणी तोच आणि वाच्यार्थही तोच. मग दोष नेमका कोठे होता आणि तो कशाने नाहीसा झाला, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. शब्दाची ग्राम्यता ही शब्दाच्या अर्थात असते, ध्वनीत असते, कुळात असते, की तो वापरणाऱ्यांच्या परस्परसंबंधांत असते, याची तपासणी करण्यासाठी ‘हिआ’इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. थाई समाजाने या एका शब्दावर नामशुद्धीचे निरनिराळे उपाय करून पाहिले आहेत. त्या उपायांचे जे झाले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राणी आणि शब्द

जीवशास्त्रात या प्राण्याला ‘वारानुस साल्वातोर’ म्हणतात. लाउरेन्ती याने १७६८ मध्ये त्याचे वर्णन करताना ‘साल्वातोर’ हे जातिनाम योजले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तारणहार असा आहे. एका भाषेत तारणहार असलेला प्राणी दुसऱ्या भाषेत शिवी व्हावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. महाराष्ट्रात आढळणारी घोरपड ही याच कुळातली, पण वेगळ्या जातीची आहे. हिआ तिच्याहून बराच मोठा असतो. दीड-दोन मीटर लांबीचे प्राणी सर्रास दिसतात आणि आकाराने कोमोडो बेटावरच्या घोरपडीखालोखाल त्याचा क्रम लागतो. तो उत्तम पोहतो. मासे, खेकडे, अंडी, उंदीर, कोंबड्या आणि विशेषतः मेलेली जनावरे हे त्याचे खाद्य. बँकॉकसारख्या कालव्यांच्या शहरात घरामागचा कालवा, सांडपाण्याचा नाला आणि बागेतले तळे हे त्याचे नेहमीचे निवासस्थान. कोंबडी पळवणारा आणि कुजलेले मांस खाणारा हा प्राणी घरात शिरला, तर ते अशुभ मानले जाते.

शिवी म्हणून हा शब्द अनेक रूपांत येतो. पुरुषाच्या नावाआधी तुच्छतेने लावले जाणारे ‘आय’ आणि स्त्रीच्या नावाआधी लावले जाणारे ‘ई’ ही पूर्वपदे जोडून ‘आय हिआ’, ‘ई हिआ’ अशी संबोधने होतात. तोंडाला, कृतीला, स्वभावाला विशेषण म्हणूनही तो लावतात. तरुणांच्या बोलण्यात तो शिवी न राहता नुसता उद्गार होतो : बस चुकली, पाय घसरला, परीक्षेचा निकाल लागला, तरी ओठांवर हाच शब्द. जिवलग मित्रांत तो आपुलकीनेही वापरला जातो. या शेवटच्या वापराचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. आपल्याकडेही दोन जुने मित्र एकमेकांना जे बोलतात, ते तिऱ्हाइताने बोलले तर हातघाईवर येईल. थाई दंडसंहितेच्या कलम ३९३ नुसार समोरासमोर केलेला अवमान हा शिक्षापात्र अपराध आहे. म्हणजे तोच शब्द एका तोंडी स्नेहाचा आणि दुसऱ्या तोंडी खटल्याचा विषय होऊ शकतो.

ध्वनीच्या बाजूने पाहता आणखी एक गोष्ट लक्षात येते. थाई भाषेत पाच सूर आहेत आणि सुराने अर्थ बदलतो. हिआ हा प्राणिवाचक शब्द उतरत्या सुरात उच्चारला जातो. तोच शब्द मध्यम, सपाट सुरात उच्चारला की त्याचा अर्थ ‘थोरला भाऊ’ असा होतो. चीनमधून आलेल्या तेओच्यू भाषकांनी हे आदरार्थी संबोधन आणले आणि चिनी वंशाच्या दुकानदाराला गिऱ्हाईक आजही त्याच शब्दाने हाक मारते. तेव्हा नुसत्या व्यंजन-स्वरांच्या जुळणीत अश्लीलता नसते, एवढे येथेच स्पष्ट होते.

लीच यांचे स्पष्टीकरण आणि त्याचा अपुरेपणा

प्राण्यांची नावे शिव्या का होतात, याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर एडमंड लीच यांनी १९६४ मध्ये दिले. त्यांच्या मते भाषा भोवतालच्या अखंड जगाचे तुकडे पाडून त्यांना नावे देते; दोन तुकड्यांच्या सीमेवर जे उरते ते निषिद्ध ठरते. माणसापासून पाळीव प्राणी, गोठ्यातली जनावरे, शिकारीची जनावरे आणि दूरची श्वापदे अशी अंतरे मोजली, तर मधल्या अंतरावरचे, ना पूर्ण आपले ना पूर्ण परके असे प्राणी निषेधाचे आणि शिवीगाळीचे विषय होतात. पुढे १९६९ मध्ये स्टॅन्ली तंबय्या यांनी ईशान्य थायलंडमधील एका खेड्याच्या अभ्यासावरून या विचाराला स्थानिक आधार आणि काही दुरुस्त्या दिल्या. प्राण्यांविषयीचे खाद्याखाद्याचे नियम, घरातल्या जागांची उतरंड आणि विवाहसंबंधांची बंधने एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे त्यांनी दाखवले. त्यांचा निबंध आजही वाचनीय आहे. सिद्धांत सांगण्याआधी घराच्या जोत्यापासून ओसरीपर्यंत सगळे मोजून घेण्याची त्यांची पद्धत अनुकरणीय आहे.

हिआच्या बाबतीत लीच यांचा सिद्धांत जवळजवळ नको इतका चपखल बसतो. हा प्राणी ना पाण्यातला ना जमिनीवरचा. ना रानातला ना घरातला. तो घराच्या अंगाखाली राहतो, पण पाळलेला नसतो. परंतु असा चपखलपणाच संशयास्पद मानला पाहिजे. बेडूक, कासव, ऊदमांजर हेही सीमेवरचेच प्राणी आहेत. त्यांच्या नावांची हिआइतकी जहाल शिवी झालेली नाही. उलट म्हैस हा थाई शेतकऱ्याच्या गोठ्यातला अगदी ठरलेल्या जागेचा प्राणी असूनही ‘ख्वाय’ म्हणजे म्हैस हा मूर्खपणाचा अपशब्द आहे. लीच यांच्या मांडणीत काळ नाही आणि वर्गही नाही. एखादे गाव पिढ्यान्‌पिढ्या जे नाव निःसंकोचपणे मिरवत होते, ते एकाएकी लाजिरवाणे का झाले, याचे उत्तर प्राण्याच्या जागेत शोधून मिळणार नाही. प्राण्याची जागा तर बदललेलीच नाही.

या ठिकाणी संस्कृत साहित्यशास्त्राने केलेला एक जुना भेद अधिक उपयोगी ठरतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्रीडा म्हणजे लज्जा उत्पन्न करणारे, जुगुप्सा म्हणजे किळस उत्पन्न करणारे आणि अमंगलाची सूचना देणारे. आधुनिक वाचकाच्या मनात अश्लील म्हटले की पहिलाच प्रकार उभा राहतो. हिआमध्ये लज्जेचा संबंध मुळीच नाही. किळस आणि अमंगल हे दोन मात्र पूर्णपणे आहेत. कुजलेले मांस खाणे ही किळस, घरात शिरणे हे अमंगल. विहाराच्या नव्या नावात ‘गोधा’च्या आधी ‘मंगल’ का घालावेसे वाटले, हे यावरून उलगडते. तेथे केवळ ग्राम्य शब्दाच्या जागी शिष्ट शब्द आलेला नाही. अशुभावर शुभाचा उतारा टाकलेला आहे.

शिष्ट शब्दांची उतरंड

थाई शाळांतून ‘खाम सुफाप’ म्हणजे सभ्य शब्द शिकवले जातात. कुत्र्याला बोलीत ‘मा’ म्हणतात, औपचारिक लेखनात ‘सुनक’. डुकराला बोलीत ‘मू’, लेखनात ‘सुकोन’. गायबैलांसाठी ‘खो’. सुनक म्हणजे शुनक, सुकोन म्हणजे सूकर आणि खो म्हणजे गो, हे वेगळे सांगावयास नको. म्हशीच्या बाबतीत ‘ख्वाय’ऐवजी येणारा ‘क्रबू’ हा शब्द ख्मेर भाषेतून घेतलेला आहे. राजघराण्यासंबंधी बोलताना वापरावयाच्या शब्दसंग्रहाला तर नावच ‘राछासप’ म्हणजे राजशब्द असे आहे आणि त्यातही संस्कृत, पाली व ख्मेर शब्दांचाच भरणा आहे. देशी शब्द खाली, धर्मग्रंथांच्या आणि राजदरबारांच्या भाषांतले शब्द वर, अशी ही रचना आहे. कुत्रा आणि श्वान, डुक्कर आणि वराह यांच्यातले अंतर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही.

परंतु ही उतरंड अनादी नाही. ‘कू’ म्हणजे मी आणि ‘मुंग’ म्हणजे तू ही सर्वनामे आजच्या शिष्ट थाईत असभ्य समजली जातात. तरीही १२९२ या सालाशी जोडल्या जाणाऱ्या राम खामहेंग राजाच्या शिलालेखात राजा स्वतःचा उल्लेख ‘कू’ असाच करतो. (त्या लेखाच्या अस्सलपणाविषयी १९८० च्या दशकापासून वाद आहे, पण लेख उत्तरकालीन मानला, तरी प्राचीन राजाच्या तोंडी हे सर्वनाम शोभते असे तो लिहिणाऱ्याला वाटले, एवढे खरे.) ‘आय’ आणि ‘ई’ ही पूर्वपदेही एके काळी सामान्य स्त्री-पुरुषांच्या नावांआधी लागत. सामान्यांना निराळी प्रतिष्ठित संबोधने मिळाली, तेव्हा जुनी पूर्वपदे शिवीच्या कामाला उरली. १९४२ मध्ये फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने लिपीत आणि सर्वनामांत सुधारणा फर्मावल्या. १९४४ मध्ये ते सरकार जाताच लिपीची सुधारणा मागे पडली. कोणता माणूस कोणापुढे कसा बोलेल, हा तेथे दीर्घकाळ शासनाच्या आस्थेचा विषय राहिला आहे.

संस्कृत-पाली कूळ शब्दाला वर चढवते, हा नियमही सर्वत्र टिकत नाही. त्याचा सर्वांत मोठा अपवाद ‘सत’ हा शब्द आहे. थाईत ‘सत’ म्हणजे प्राणी, पशू. ‘आय सत’ ही ‘आय हिआ’च्या खालोखालची शिवी असून दोन्ही शब्द रागाच्या भरात जोडीने येतात. हा ‘सत’ म्हणजे संस्कृतातील ‘सत्त्व’. लेखनात शेवटचा ‘व’ आजही लिहिला जातो. फक्त त्याचा उच्चार होत नाही, हे दाखवणारे चिन्ह त्याच्या डोक्यावर असते. असणे, जीव, प्राण, सार असे अर्थ असलेला, भारतीय दर्शनांत अत्युच्च स्थान पावलेला शब्द येथे पशू होऊन शिवीपर्यंत उतरला आहे. आणि हाच ‘सत’, त्याच अक्षरांनी लिहिलेला, ‘फोथिसत’ म्हणजे बोधिसत्त्व या शब्दाच्या शेवटी आहे. विहारात त्याचा उच्चार हात जोडून होतो, रस्त्यावर मूठ वळून. लोकव्यवहाराने झाकले गेलेले अश्लील पद दोषास्पद होत नाही, असा अपवाद वामनाने फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. ‘फोथिसत’ हे त्याचे थाई उदाहरण म्हणता येईल. शब्दाचे कूळ त्याला तारत नाही आणि बुडवतही नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

दोन नवी नावे

हिआचे नाव टाळण्यासाठी लोकांनी स्वतःच शोधलेला पर्याय ‘तुआ ङन तुआ थोंग’ असा आहे : चांदीचा जीव, सोन्याचा जीव. थाईत चांदी आणि पैसा यांना एकच शब्द असल्यामुळे ‘धनाचा जीव’ असाही त्याचा अर्थ लागतो. घरात शिरलेल्या हिआला शिव्या देऊन हाकलू नये, चांगल्या शब्दांनी त्याचे स्वागत करावे, म्हणजे तो अनिष्टाऐवजी धन देईल, अशी समजूत त्यामागे आहे. ही युक्ती मराठी मनाला परकी नाही. महारोगाइतकीच भीती जिची होती त्या साथीच्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटले, रात्री सापाला ‘लांबडं’ म्हटले, बांगडी फुटली की ती ‘वाढवली’ म्हटले. अमंगलाला मंगल नाव देऊन त्याची धार बोथट करणे, हा भाषेचा एक जुना कुळाचार आहे.

हे नाव सर्वत्र रूढ झाले. वृत्तपत्रे तेच छापतात, अधिकारी तेच बोलतात. परंतु त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. ‘तो सोन्याचांदीचा जीव आहे’ असे एखाद्या माणसाविषयी म्हटले, की ऐकणारा काय समजायचे ते समजतो. नव्या नावाने प्राण्याची अप्रतिष्ठा झाकली नाही; अप्रतिष्ठेनेच नव्या नावाला आपल्या रंगात ओढले. भाषाशास्त्रज्ञांना ही प्रक्रिया परिचित आहे आणि तिची उदाहरणे शौचालयाच्या नावांपासून जातिवाचक नावांपर्यंत सगळीकडे मिळतात. येथे तिचा वेग तेवढा लक्षणीय आहे.

दुसरे नाव कागदावरचे. २००९ मध्ये हिआला ‘वोरनुत’ म्हणावे, अशी सूचना वन्यजीव खात्याच्या वर्तुळातून पुढे आली. ‘वारानुस’ या शास्त्रीय नावाशी उच्चाराचे साम्य, हे त्यामागचे कारण. सूचना करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही, किंवा येऊनही तिचे महत्त्व वाटले नाही : वोरनुत हे थायलंडमधले स्त्रियांचे प्रचलित नाव आहे. ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ आणि ‘अनुज’चे संक्षिप्त रूप ‘नुत’, म्हणजे धाकटी बहीण, प्रिय तरुणी. त्या नावाच्या स्त्रियांची नाराजी उघड झाली आणि कल्पना तेथेच विरली. नामशुद्धीच्या सगळ्या प्रयत्नांत हा सर्वांत उद्बोधक आहे. पहिल्या नावाने चांदी-सोन्याला ओढले होते, त्यांना तक्रार करता येत नव्हती. दुसऱ्या वेळी माणसे ओढली जाणार होती. आपल्या नावात हा प्राणी आला, तर आपल्या मुलीला शाळेत काय ऐकावे लागेल, हे त्यांना कोणत्याही भाषावैज्ञानिकाच्या आधी कळले. शब्दाचा मळ धुतला जात नाही, तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. आणि तो कोणाच्या अंगावर जावा, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्या अंगावर तो सहसा जात नाही.

जातकातला हिआ

पाली जातकांतील १३८ व्या, ‘गोध’ नावाच्या जातकात बोधिसत्त्व घोरपडीच्या जन्मात आहे. वनातल्या एका पर्णशाळेत राहणाऱ्या तापसाच्या दर्शनाला ती घोरपड नित्य जाते. एके दिवशी गावकऱ्यांनी वाढलेले घोरपडीचे मांस तापसाला फार आवडते आणि तो आपल्याकडे येणाऱ्या घोरपडीला मारण्याचा बेत करतो. वस्त्राखाली दांडका लपवून तो शांत मुद्रेने बसतो. वाऱ्यावरून आलेल्या वासाने घोरपड सावध होते, निसटते, आणि जाता जाता त्याच्या जटांचा व मृगाजिनाचा खरा अर्थ त्याला ऐकवते. ३२५ व्या जातकातही हीच कथा थोड्या फरकाने येते.

थाई भाषांतरांत या गोधेसाठी ‘हिआ’ आणि ‘तकुअत’ (जमिनीवर राहणारी, आपल्याकडच्या घोरपडीची जात) ही दोन्ही नावे आढळतात. तकुअत घेतल्यास कथा निर्विघ्न होते. हिआ घेतल्यास बोधिसत्त्व शिवीच्या शरीरात उतरतो. उपदेशाला बसलेल्या भाविकांत कुजबुज होईल, मुले हसतील, ही अडचण खरी आहे. तरीही वाङ्मयीन दृष्टीने दुसरा पर्याय अधिक सरस मानावा लागतो. कथेचा सारा भर बाह्य वेष आणि आतली वृत्ती यांच्या विरोधावर आहे. ज्याचे नाव, वस्त्र आणि आसन शुद्ध तो आत हिंस्र. आणि जो लोकांच्या लेखी ओंगळ तो आत बुद्धत्वाकडे निघालेला. ‘तकुअत’ म्हटले की या विरोधाचा एक पाय लंगडा होतो. ज्या वाचकाला ‘हिआ’ हा शब्द खुपतो, त्यालाच ही कथा उद्देशून आहे. प्राचीन कथाकाराला अर्थातच थाई शिवी ठाऊक नव्हती. पण भाषांतर कधी कधी मूळ संहितेला तिच्या आशयाच्या अधिक जवळ नेते, ते असे. येथे शिष्टतेसाठी केलेली शब्दांची निवड अर्थाच्या मुळावर येते, हे धर्मोपदेशकांनी आणि पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांनी विचारात घ्यावयास हवे.

शिवी कोणाच्या तोंडी

२००९-१० च्या राजकीय संघर्षात लाल सदरेवाल्या आंदोलकांना, ज्यांत उत्तर आणि ईशान्य भागांतले ग्रामीण लोक मोठ्या संख्येने होते, त्यांचे विरोधक ‘ख्वाय देंग’ म्हणजे ‘लाल म्हशी’ म्हणत. भातशेतीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या जनावराचे नाव, त्याच शेतीतून आलेल्या माणसाला मूर्ख ठरवण्यासाठी वापरले गेले. येथे शिवी वरून खाली जाते आणि तिला फारशी जहालता लागतही नाही. शहरी सुशिक्षित तोंडातून ती सहज निघते.

हिआचा प्रवास उलट्या दिशेने झालेला दिसतो. २०२०-२१ च्या तरुणांच्या आंदोलनांत तत्कालीन पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांच्या ‘तू’ या टोपणनावाला ही शिवी जोडली गेली आणि ती फलकांवर, कपड्यांवर, घोषणांत आली. पण थाई अक्षरांत नव्हे. ‘आय हिअर टू’ असे तीन निरुपद्रवी इंग्रजी शब्द लिहिले जात आणि त्यांच्या आधी एक ते पाच आकडे मोजले जात. इंग्रजी वाचणाऱ्याला ते व्याकरण चुकलेले वाक्य वाटावे. थाई कानाला मात्र एकही अक्षर चुकलेले नाही. शिष्ट भाषेच्या वेषात ग्राम्य शब्द लपवण्याची जी युक्ती विहाराच्या नामकरणात श्रद्धेने वापरली गेली, तीच येथे उपहासाने वापरली आहे. फरक एवढाच की, विहाराच्या नावात शब्द ओळखला जाऊ नये अशी इच्छा होती आणि येथे तो ओळखला जावा अशी. या घोषणेचे वाङ्मयीन मूल्य फार मोठे आहे असे नाही. पण ज्या समाजात सभ्य शब्दांची यादी पाठ करवून घेतली जाते, तेथे ती यादी मोडणे हेच एक विधान होते, हे तिच्यावर ग्राम्यतेचा आक्षेप घेणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

नाव आणि प्राण्याचे भवितव्य

नाव बदलावे असे म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा आहे. घृणास्पद नाव असलेल्या प्राण्याविषयी लोकांत ममता निर्माण होत नाही आणि त्याच्या संरक्षणात अडथळा येतो, असे ते म्हणतात. सिंहली भाषेतली एक म्हण या म्हणण्याला वेगळ्या बाजूने पुष्टी देते. श्रीलंकेत पाण्यातल्या घोरपडीला कबरगोया आणि जमिनीवरच्या, खाद्य मानल्या गेलेल्या घोरपडीला तलगोया म्हणतात. खायचेच मनात आले की कबरगोयाही तलगोया होतो, अशा आशयाची ती म्हण आहे. नाव बदलले की वागणूक बदलते. पण ती प्राण्याच्या हिताच्या दिशेनेच बदलेल, असे मात्र नाही.

महाराष्ट्राचे उदाहरण येथे अगदीच उलट आणि म्हणूनच उपयुक्त आहे. घोरपडीच्या नावाला मराठीत प्रतिष्ठा आहे. कडा चढताना घोरपडीचा उपयोग केल्यामुळे घोरपडे हे आडनाव मिळाले, अशी त्या घराण्याची परंपरागत समजूत आहे. १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईतली तानाजीची यशवंती घोरपड इतिहासाच्या कसोटीला न उतरली, तरी प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. इतके असूनही तेलासाठी, मांसासाठी आणि कातड्यासाठी तिची चोरटी शिकार होते. ‘हाथाजोडी’ या नावाने पूजेसाठी विकली जाणारी दुर्मिळ मुळी प्रत्यक्षात नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये असतात, हे २०१७ मध्ये उघडकीस आले. गौरवाचे नाव, पराक्रमाची कथा आणि पूजेतले स्थान यांतल्या कशानेही प्राणी वाचला नाही. पूजेने तर त्याच्या हत्येला गिऱ्हाईक मिळवून दिले.

बँकॉकच्या मध्यभागी, लुंबिनीच्या नावाने १९२० च्या दशकात राजा वजिरावुध यांच्या जमिनीवर उभारलेल्या लुम्फिनी उद्यानात मात्र शिवीचा धनी असलेला हा प्राणी ऐन वस्तीत उन्हे खात पडलेला असतो. तेथे त्यांची संख्या सुमारे ४०० पर्यंत गेल्याचे सांगितले गेले आणि २०१६ मध्ये काही डझन प्राणी पकडून राचाबुरी प्रांतात हलवण्यात आले. या भरभराटीचे श्रेय नावाच्या बदनामीला देणे धाडसाचे होईल. १९९२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण, तळ्यातले मासे आणि शत्रूंचा अभाव ही कारणे उघड आहेत. परंतु ज्याला हात लावणेच अशुभ, त्याला खाण्यासाठी पकडण्याचा मोह शहरी माणसाला होत नाही, हेही त्या कारणांत जमेस धरले पाहिजे. ईशान्य थायलंडमध्ये ज्याला ‘लेन’ असे साधे, निर्दोष नाव आहे, ती जमिनीवरची घोरपड चवीने खाल्ली जाते.

ख्लोंग दान या स्वच्छ नावाचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तेथे उभारल्या जाणाऱ्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावरून दीर्घ वाद झाला, २००३ मध्ये काम थांबवले गेले आणि थायलंडभर हे नाव त्या वादासाठीच ओळखले जाऊ लागले. जुने नाव त्यामुळे पुसले गेले असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी त्या विहारात होऊन गेलेले लुआंग फो पान हे भिक्षू वाघाच्या सुळ्यात कोरलेल्या व्याघ्रमूर्तींच्या ताइतांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे अस्सल ताईत संग्राहकांत अतिशय मौल्यवान समजले जातात. भाविक ते गळ्यात घालतात, त्यांना वंदन करतात, आणि त्यांची ओळख सांगताना मंगल, गोधा, आवास हे शब्द सहसा कोणी वापरत नाही. ‘बांग हिआचा वाघ’ असेच म्हणतात.